विजेच्या गिटारीला पडदे किती?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो किमान वेतनावर, भविष्यनिर्वाह निधीवर किंवा फार तर एखाद्या जुन्या संपावर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. ती अगदीच चुकीची नाही. परंतु यंदा चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, आणि आम्ही विषय निवडला तो विजेवरच्या गिटारीच्या पडद्यांचा. काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे. त्यांनी अर्धा तास दम धरावा. हा विषयही शेवटी मजुरीपाशीच येऊन पोचतो.

बोदलकसा, तिरोडा, गोंदिया या टापूत बीडी वळणाऱ्या बायांची, राइस मिलमधल्या हमालांची, वीज केंद्रात ठेकेदाराकडे राबणाऱ्यांची मुले आज वाद्ये वाजवू लागली आहेत. कोणी लग्नातल्या ऑर्केस्ट्रात जातो, कोणी धुमालच्या गाडीवर असतो, कोणी भीमगीतांच्या पार्टीत साथ करतो, आणि झाडीपट्टीच्या नाटकांना तर दिवाळीपासून होळीपर्यंत वादकांची गरज असतेच. ही मुले आम्हांस विचारतात, "भाऊ, लीड वाजवायची तर बावीस फ्रेटची गिटार पुरते, की चोवीसचीच घ्यावी लागते?" प्रश्न आमच्याकडे येतो त्याचे कारण आमचे संगीतज्ञान हे नव्हे. गिटारीसाठी आई बचत गटातून कर्ज उचलणार असते, आणि आमच्या वस्तीत कर्जाचा कागद युनियनच्या माणसाला दाखविल्याशिवाय पुढे सरकत नाही. कागद वाचायचा तर कर्ज कशासाठी आहे तेही समजून घेतले पाहिजे. आमची शाळा सातवीनंतर सुटली. त्यानंतरचे शिक्षण वाचनालयात आणि कारागिरांच्या ओट्यावर झाले. पडद्यांचे शास्त्रही आम्ही असेच शिकलो, आणि तेच आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. गिटारीच्या लांब दांड्यावर धातूच्या ज्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात त्यांना इंग्रजीत फ्रेट म्हणतात. आपल्याकडे सतारीला तेच पडदे. बोटाने तार पडद्यामागे दाबली की तारेची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. लीड म्हणजे अग्रवादन. ऑर्केस्ट्रात एक गिटार ठेका आणि स्वरमेळ धरते, दुसरी गाण्याच्या दोन ओळींमधली मोकळी जागा सुरावटीने भरते. ही दुसरी ती लीड. १९७१ सालच्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटातील 'दम मारो दम' या गाण्याची गिटार आपण सर्वांनी ऐकली आहे. ती भूपिंदर सिंग यांनी वाजविलेली आहे.

आता पडदे कोठे बसतात ते पाहू. आपल्या बोदलकसाच्या तलावाची भिंत १९१७ साली पुरी झाली. तिची लांबी सुमारे ६४० मीटर आहे. विजेवरच्या गिटारीच्या एका प्रचलित नमुन्यात तारेची वाजणारी लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते. तेव्हा ही भिंत म्हणजे हजारपटीने वाढविलेली गिटारीची तारच समजा ना! एका टोकाला खुंट्यांकडची पट्टी, दुसऱ्या टोकाला घोडी. नियम असा की प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीचा सुमारे अठरावा हिस्सा कापून घेतो. काटेकोर आकडा १७.८१७ आहे. भिंतीवरून चालू लागले तर पहिला पडदा सुमारे ३६ मीटरवर लागतो. दुसरा त्याच्यापुढे ३४ मीटरवर. अंतर असे कमी कमी होत जाते. पाचवा पडदा १६० मीटरवर, म्हणजे पाव वाटेवर येतो. बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२० मीटरवर येतो, आणि तेथे मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर ऐकू येतो. येथून पुढे तोच हिशेब निम्म्या मापाने पुन्हा चालतो. एकविसावा पडदा ४५० मीटरच्या थोडा अलीकडे, बाविसावा ४६० मीटरवर आणि चोविसावा ४८० मीटरवर. चोविसाव्यावर दोन सप्तके पूर्ण होतात.

म्हणजे बावीस की चोवीस, हा सारा वाद ६४० मीटरच्या भिंतीवर शेवटच्या वीस मीटरांचा आहे. प्रत्यक्ष गिटारीवर ते दोन सेंटिमीटर भरतात. या दोन सेंटिमीटरांत किती सूर आहेत?

हिशेब सोपा आहे. गिटारीला सहा तारा. बावीस पडद्यांच्या गिटारीवर बोट ठेवण्याच्या जागा १३२, आणि चोवीसच्या गिटारीवर १४४. विकणारा सांगेल, बारा जागा वाढल्या. परंतु एकच सूर गिटारीवर निरनिराळ्या तारांवर अनेक ठिकाणी मिळत असतो. मोकळ्या तारा धरून वेगवेगळे सूर मोजले, तर एकवीस पडद्यांवर ते ४६ भरतात, बावीसवर ४७ आणि चोवीसवर ४९. बावीसचे चोवीस केले म्हणजे बारा जागा वाढतात खऱ्या, पण नवे सूर दोनच मिळतात, आणि तेही केवळ सर्वांत बारीक तारेवर. बाकीच्या दहा जागांवरचे सूर गिटारीत आधीपासून आहेत. आणि ४७ सूर म्हणजे जवळजवळ चार सप्तके. आपला गायक दोन-अडीच सप्तकांत मैफल गाजवून जातो, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.

ते दोन सूर तरी बावीस पडद्यांवर मिळतच नाहीत काय? मिळतात. येथे लीडवादनाचे खरे मर्म आहे. लीड वाजविणारा बोटाने तार दाबतो आणि तशीच बाजूला ओढतो. ओढली की ताण वाढतो आणि सूर चढतो. सतारवादक याला मींड म्हणतो, गिटारवाला बेंड म्हणतो. बाविसाव्या पडद्यावर तार पूर्ण एका स्वराने ओढली की चोविसाव्याचा सूर निघतो. एकवीस पडद्यांच्या गिटारीवर दीड स्वराची ओढ लागते. बारीक तार असेल आणि मनगट तयार असेल तर तीही साधते.

हा आमचा तर्क नव्हे, जगाचा अनुभव आहे. लिओ फेंडर नावाचा कॅलिफोर्नियातला एक रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. त्याने १९५० साली भरीव लाकडाची विजेवरची गिटार बाजारात आणली आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर. दोन्हींना पडदे एकवीस. गिब्सनने १९५२ साली लेस पॉल गिटार काढली, तिला बावीस. जिमी हेंड्रिक्स १९७० साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. तोवर त्याने जे काही करून ठेवले ते बव्हंशी त्या एकवीस पडद्यांच्या गिटारीवर. बी. बी. किंग मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यात मजूर होता, ट्रॅक्टर चालवीत होता. पुढे त्याच्या बावीस पडद्यांच्या गिटारीने जगाला वेड लावले. मोजके सूर, पण प्रत्येक सूर ओढलेला, हलविलेला, बोलका. उलटपक्षी १९५८ च्या सुमारास अमेरिकेत डॅनइलेक्ट्रोने गिटारलिन नावाचे वाद्य काढले. गिटार आणि मँडोलिन यांचा जोड, पडदे एकतीस! परंतु जगातल्या वादकांनी एकतीस पडद्यांचा आग्रह धरला नाही. नुसत्या संख्येने कला वाढली असती तर तो धरायला हवा होता.

पण अमेरिकेपर्यंत जाण्याचे तरी काय कारण? आपल्या मिरजेला या. तेथे सतारी घडविणारी घराणी मुळात शिकलगारांची. तलवारीला धार लावणे हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा त्या हातांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली. हातचा धंदा गेला तरी हातातले कसब जात नाही, हे कामगाराने मिरजेकडून शिकावे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या सतारीला पडदे किती? साधारण वीस, एखादा कमी किंवा जास्त. तेही ठोकलेले नसतात, दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की वादक पडदा सरकवितो. प्रत्येक स्वराला स्वतंत्र पडदा तेथे नाहीच. मग बाकीचे सूर येतात कोठून? एकाच पडद्यावर तार ओढून. तयारीचा सतारिया एका पडद्यावरून चार-पाच स्वरांची मींड काढतो. पडद्याची कमान आणि दांड्याची रुंदी त्यासाठीच ठेवलेली असते.

उलट दक्षिणेतली सरस्वती वीणा पाहा. तिला मेणात घट्ट बसविलेले चोवीस पडदे असतात, आणि दोन सप्तके पूर्ण होतात. म्हणजे चोवीस हा आकडा काही नवी विलायती करामत नव्हे. आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी तर गिटार मांडीवर आडवी घेतली आणि पोलादी कांडी तारेवरून फिरवून राग वाजविले. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर तीच गिटार आहे. तेथे तार पडद्याला टेकतच नाही. पडदे असून नसल्यासारखे. आमच्या शाहिरांचे तुणतुणे घ्या. एक तार, एक सूर, पडदा शून्य. तरी त्याच्या साथीने मैदाने भरली. तात्पर्य, पडद्यांची संख्या वाद्याच्या कामावरून ठरते, प्रतिष्ठेवरून नव्हे.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे आवश्यक वाटते. काही मुले म्हणतात, "आपल्या संगीतात श्रुती बावीस, म्हणून गिटारीला पडदे बावीस." हा निव्वळ योगायोग आहे. बावीस श्रुती एकाच सप्तकातल्या. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घेऊन श्रुती सिद्ध करण्याची रीत सांगितली आहे. सांगलीकडचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजून श्रुतींचे गणित मांडले आणि १९१० साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. गिटारीचे पडदे मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. त्यामुळे गिटारीचा शुद्ध गंधार आपल्या तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. पडद्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. आता यावर उपाय काय? दांड्याच्या टोकाला आणखी दोन पडदे ठोकून हा गंधार खाली येणार नाही. एक पडदा मागून तार ओढून, कानाने सूर शोधून तो आणावा लागतो. तेथे कानाला पर्याय नाही.

मग चोवीस पडदे निरर्थक आहेत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ओढून आणलेला सूर आणि पडद्यावर दाबलेला सूर यांचे काम वेगळे आहे. अतिवेगाच्या ताना वरच्या टोकापर्यंत स्वच्छ न्यायच्या असतील, दोन्ही हातांची बोटे पडद्यांवर आपटून वाजवायचे असेल, किंवा व्हायोलिनच्या उंचीची सुरावट जशीच्या तशी उचलायची असेल, तर चोवीस पडद्यांचा उपयोग होतो. १९८० नंतरच्या जोरकस रॉक संगीतात हे पडदे रुळले ते याच कारणाने. ज्याचे काम ते आहे त्याने ते हत्यार जरूर घ्यावे. मात्र त्याची किंमत पैशाशिवाय आणखी एका ठिकाणी चुकवावी लागते. गिटारीच्या पोटावर तारेखाली चुंबकाचे पिकअप असतात. बावीस पडद्यांच्या गिटारीत दांड्याजवळचा पिकअप साधारण तेथे बसतो जेथे चोविसावा पडदा आला असता. आपल्या भिंतीवर ४८० मीटरच्या आसपास. तेथे तारेचा झोका मोठा, म्हणून आवाज भरदार आणि गोल येतो. चोवीस पडदे केले की दांडा पुढे सरकतो आणि पिकअपला घोडीकडे हटावे लागते. आवाज थोडा टोकदार होतो. कोणाला तो आवडेल, कोणाला नाही. परंतु दोन पडदे फुकट मिळत नाहीत, एवढे ध्यानात असू द्यावे.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. बीडीच्या कारखान्यात मजुरी हजारावर असते. बाई हजार बीड्या वळून आणते. तपासणारा त्यातून काही बीड्या बाजूला काढतो. त्यांना छाट म्हणतात. मोजणीत हजार असतात, मजुरी मिळते छाट वगळून. आयुष्यभर हा हिशेब पाहिल्यामुळे आम्हांस एक सवय लागली आहे. कोणी आकडा सांगितला की आम्ही विचारतो, यात छाट किती?

गिटारीतही छाट असते. पट्टीवर चोवीस पडदे आहेत, पण दांड्याचा जोड इतका जाड की बोट विसाव्याच्या पुढे पोचत नाही, तर वरचे चार पडदे छाट. पडदा एकसारखा घासलेला नाही, तार ओढली की शेजारच्या पडद्याला टेकून मुकी होते, तर तो पडदा छाट. बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेशी जुळतच नाही आणि घोडी सरकवूनही जुळविता येत नाही, तर सारी गिटारच छाट. छाट काढलेले बावीस पडदे हे छाट असलेल्या चोविसांपेक्षा अधिक भरतात, हे अंकगणित आमच्या कोणत्याही बीडीवाल्या बाईला समजावून सांगावे लागणार नाही.

तेव्हा दुकानात गेल्यावर पडदे मोजण्याआधी काय पाहावे? बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट नुसते टेकवून तार छेडावी, घंटेसारखा सूर येतो. मग तेथेच तार दाबून छेडावी. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. नंतर बारीक तारेवर पहिल्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत एकेक सूर सावकाश वाजवावा. खरखर ऐकू आली तर पुढे बोलूच नये. मग पंधराव्याच्या वर प्रत्येक पडद्यावर तार एका स्वराने ओढून पाहावी, सूर मध्येच मरता कामा नये. बसून आणि पट्टा लावून उभे राहून, दोन्ही रीतींनी हात शेवटच्या पडद्यापर्यंत जातो का ते पाहावे. शेवटी दांड्याच्या कडेवरून तळहात फिरवावा. आपल्याकडे वैशाखातली हवा कोरडी असते. लाकूड आकसते आणि पडद्यांची टोके बाहेर येऊन हाताला ओरखडे काढतात. टोके नीट घासून घेतली तर हा त्रास जातो. पडदे बहुधा निकेल सिल्व्हरचे असतात. नाव चांदीचे असले तरी त्यात चांदी नसते, तांबे, निकेल आणि जस्त असते. पोलादी तारेने ते झिजतात, आणि रोजच्या वापरातले आधी झिजतात. पाच-सात वर्षे वाजविलेली गिटार पाहा. खालच्या आणि मधल्या पडद्यांवर तारांचे चर पडलेले दिसतील, आणि बाविसावा बहुधा कोरा करकरीत असेल. वादक प्रत्यक्षात कोठे राबतो, याचा याहून खरा मस्टर रोल नाही.

श्रोतेहो, आमचे मत आता स्पष्ट सांगतो. लग्नाचा ऑर्केस्ट्रा, भीमगीते, नाट्यगीते, चित्रपटगीते, यांच्या लीडवादनाला एकवीस पडदे पुरतात, बावीस असले तर उत्तम. चोवीस त्यानेच घ्यावेत ज्याला ते दोन सूर रोज लागतात, आणि कोणत्या गाण्यात लागतात हे जो बोट ठेवून दाखवू शकतो. ज्याला दाखविता येत नाही त्याने दोन पडद्यांसाठी आईच्या कर्जाचे हप्ते वाढवू नयेत. तो फरकाचा पैसा वाचवावा. त्यातून तारांचे दोन संच घ्यावेत, बऱ्यापैकी अँप्लिफायर घ्यावा, पडदे घासून घ्यावेत, आणि उरलेला पैसा शिकविणाऱ्याच्या हाती द्यावा.

आमच्या मुलांनी गिटार घेऊच नये असे मात्र कोणी समजू नये. घ्यावी, अवश्य घ्यावी. मजुराच्या पोराने तुणतुण्यावरच थांबावे, असा ताम्रपट कोणी लिहून ठेवलेला नाही. आठ तास काम आणि आठ तास विश्रांती यांच्याबरोबर आठ तास स्वतःचे, अशी मागणी कामगारांनी केली, ती त्या आठ तासांत काही तरी सुंदर घडावे म्हणून. परंतु जे हत्यार घ्यायचे ते आपल्या कामाच्या मापाने घ्यावे, दुकानदाराच्या पाटीवरच्या आकड्याच्या मापाने नव्हे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो. बारीक तारेवरचा प्रत्येक पडदा सावकाश वाजवून पाहा, हे तेवढे विसरू नका.